कुलपापेक्षा वाईट

फुटबॉल क्लबचा आजवरचा सर्वांत वाईट मॅनेजर कोण, हा प्रश्न त्या गावात वाद घालायला म्हणून कोणी विचारत नसे. उत्तर शेंबड्या पोरालाही पाठ होतं: कुलूप. हवापाण्यावर बोलून झालं, महागाईला शिव्या देऊन झाल्या, की माणसं हटकून कुलपावर यायची. आणि हे कुलूप काही जुन्या फोटोतलं नव्हतं. ते चांगलं धडधाकट होतं आणि त्याच गावात लोकांना गाडी चालवायला शिकवत होतं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर त्याने स्वतःचं नाव घातलं नव्हतं. नाव वाचून कोण येणार? नुसतं ‘गाडी शिका’ लिहिलेलं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि याचा पाय त्या ब्रेकवरून कधी उठायचाच नाही. लांब कुठे कुत्रं उभं दिसलं तरी ब्रेक. सिग्नल हिरवा असला तरी ब्रेक, कारण हिरव्याचा लाल व्हायला कितीसा वेळ लागतो! त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं पुढे जन्मभर जपून गाडी चालवायची, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

जन्मतःच तो तसा होता. झोपण्याआधी कडी लावायचा, अंथरुणावर पडायचा, पुन्हा उठून कडी ओढून बघायचा. एका हंगामापुरता क्लबचा मॅनेजर झाला तेव्हाही खेळाडूंना एकच सांगायचा, “आधी घर बंद करा, मग बाहेर पडा.” पोरं घर बंद करायची आणि बाहेर पडायचं विसरून जायची. सामन्यामागून सामने शून्य-शून्य सुटायला लागले आणि प्रेक्षकांनी त्याचं बारसं करून टाकलं.

तरी शून्य-शून्यवर निभावलं असतं. त्याला बुडवलं ते शेवटच्या सामन्याने. समोरच्या संघाचे विंगर मैदानाच्या कडेकडेने वाऱ्यासारखे पळायचे. याने डोकं लढवलं: मैदानच अरुंद केलं तर ते पळतील कुठे? नियमात बसत होतं. आदल्या संध्याकाळी मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाला हाताशी धरून त्याने दोन्ही बाजूंच्या चुन्याच्या रेषा आत घेतल्या. पाहुण्यांना मैदान नवखं होतं, त्यांनी निमूटपणे रेषा बघून खेळ केला. आपली पोरं मात्र त्याच मैदानावर लहानाची मोठी झालेली. डोळे मिटूनसुद्धा त्यांना कड कळायची, पण जुनी. चेंडू घेऊन जीव खाऊन जुन्या कडेपर्यंत धावायची आणि दर वेळी शिट्टी वाजायची: चेंडू बाहेर. करायला गेला एक आणि झालं भलतंच. स्वतःच्या घरात स्वतःच अडकलेला असा संघ कोणी बघितला नव्हता.

मध्यंतरानंतर शिट्टी वाजली आणि पूर्वेकडचा सगळा स्टँड उठून उभा राहिला. टाळ्या नाहीत, शिव्या नाहीत. सगळ्यांनी मैदानाकडे पाठ केली आणि सामना संपेपर्यंत तसेच उभे राहिले. त्याची दहा वर्षांची लेक आईजवळ कोपऱ्यात बसली होती. घरी येताना तिने विचारलं, “बाबा, ते सगळे तिकडे काय बघत होते?”  काही महिन्यांनी तिला आपोआप कळलं आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवसाची लाज गावालाही वाटली असावी, कारण नंतर समर्थक मंडळाने एक नियम केला: पाठ फिरवणं हे शेवटचं हत्यार. मॅनेजर नुसता वाईट आहे म्हणून ते उपसायचं नाही. तो कुलपापेक्षा वाईट आहे असं मंडळाने चर्चा करून ठरवलं, तरच. नियम करायला लावला घड्याळवाल्याने. बाजारात त्याचं घड्याळदुरुस्तीचं चिंचोळं दुकान होतं, आणि गावभर कुलपाची बाजू घेणारा तो एकटा माणूस होता. त्याची बाजू एका वाक्याची होती. “विंगर अध्यक्षांनी विकला, त्यात याचा काय दोष?”

आणि ते खरं होतं. त्या हंगामात संघात एकच पोरगा असा होता की त्याच्या पायात चेंडू आला की म्हातारी माणसंही खुर्चीवरून उठायची. हंगामाच्या मध्यावर अध्यक्षांनी त्याला विकलं. मॅनेजरला विचारणं सोडाच, सांगितलंही नाही. याला कळलं ते संघाच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला तेव्हा, “सर, आज एक सीट रिकामी कशी?” तो तडक अध्यक्षांच्या बंगल्यावर गेला. साहेब झोपलेत, असं गेटवरच्या माणसाने सांगितलं. हा गेटबाहेर बराच वेळ उभा राहिला आणि परत आला. भांडायला हवं होतं हे त्याला अजून डाचायचं. पण ‘विकला तो मी नाही’ एवढं एक वाक्य त्याच्यापाशी उरलं होतं. अध्यक्ष वारले, नंतर याची बायकोही गेली, आणि खरं काय ते माहीत असणारं दुसरं कोणी राहिलं नाही. घड्याळवाल्याला तरी कुठे माहीत होतं? त्याचा आपला विश्वास. पण त्या विश्वासावर या माणसाने इतकी वर्षं त्या गावात मान वर करून भाजी आणली होती.

आता नशिबाचा खेळ बघा. लेकीने लग्न केलं ते त्याच संघातल्या डाव्या बचावपटूशी, आणि या हंगामात क्लबने मॅनेजर म्हणून नेमलं ते याच जावयाला. जावई अजूनही सासऱ्याला ‘सर’ म्हणायचा, पण खेळ त्याने सासऱ्याच्या नेमका उलटा मांडला. सगळ्यांनी पुढे धावायचं, मागे कोणी नाही, आणि गोलकीपरनेसुद्धा चेंडू लांब न मारता पायाने खेळवत न्यायचा. गोलकीपर बिचारा सज्जन. त्याने हंगामभर समोरच्यांच्या पायात चेंडू नेऊन दिले. सासरा कुलूप, जावई उघडं दार, असं लोक म्हणायला लागले. पहिल्यांदा हसून म्हणायचे. नंतर हसणं बंद झालं.

शुक्रवारी सकाळी लेकीचा फोन आला तेव्हा तो एका दाताच्या डॉक्टरीणबाईंना चौकातून गाडी वळवायला शिकवत होता.

“बाबा, आज संध्याकाळी सलूनमध्ये मंडळ बसणार आहे. उद्याच्या सामन्याला पाठ फिरवायची का ते ठरवायला.”

त्याने ब्रेक करकचून दाबला. मागून हॉर्न वाजले.

“हा रात्र रात्र झोपत नाही,” लेक म्हणाली. “मला म्हणतो, तू उद्या येऊ नकोस. मी जाणारच आहे. पण बाबा, ते परत बघायला लागलं ना, तर मला नाही जमायचं. त्याच्याकडे बघू की त्यांच्याकडे बघू?”

“काही होत नाही. नियम आहे ना,” तो म्हणाला. “कुलपापेक्षा वाईट असला तरच.”

“तेच तर म्हणतायत लोक,” लेक म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

दिवसभर त्याचं कशात लक्ष लागलं नाही. दुपारी जेवण तसंच ठेवून दिलं. डोळ्यांसमोर सारख्या पाठी येत होत्या. शर्टांच्या, स्वेटरच्या, लहान पोरांना खांद्यावर घेतलेल्या माणसांच्या. ती पोरं तेवढी वळून वळून मैदानाकडे बघत होती, हेसुद्धा त्याला आठवलं. संध्याकाळी त्याने गाडी लावली, दार बंद झालं का ते ओढून बघितलं, आणि इतकी वर्षं ज्या सलूनच्या समोरच्या फूटपाथवरूनही तो गेला नव्हता त्याचं दार ढकललं. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, असं तो मनाशी म्हणत होता. 

आत पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर, खिडकीत, हात धुवायच्या बेसिनला टेकून माणसं. मंडळाचा चिटणीस म्हणजे सलूनचा मालक न्हावी. तो खुर्चीतल्या रंगाऱ्याची दाढी करता करता सभा चालवत होता.

“दगडापेक्षा वीट मऊ, हे तर मान्य?” न्हावी म्हणत होता. “मग आज एवढंच ठरवायचंय, दगड कोण आणि वीट...”

आरशात दार उघडलेलं त्याला दिसलं आणि तो थांबला. सगळं सलून आरशातूनच कुलपाकडे बघत राहिलं.

“या सर,” न्हावी म्हणाला. “केस कापायचेत?”

“केस नाही. मला बोलायचंय. विषय माझाच आहे ना?”

कोणीतरी हसलं. कोपऱ्यातून घड्याळवाला उठला आणि त्याने आपली जागा दिली. “बसा सर, बसा. बरं केलंत आलात.” त्याचा चेहरा इतका फुलला होता की कुलपाला त्याच्याकडे बघवेना. तो उभाच राहिला.

“जावई माझ्यापेक्षा वाईट आहे असं तुम्ही म्हणताय,” तो म्हणाला.  “ते चूक आहे. माझ्या वेळी काय व्हायचं आठवा. लोक तिकीट काढून झोपायला यायचे.”

“ते खरंय,” रंगारी फेसातून म्हणाला. “माझ्या मेव्हण्याची निद्रानाशाची तक्रार गेली होती.”

सलून हसलं. कुलपाला थोडा धीर आला. “हा पोरगा हरतो, पण खेळून हरतो. मी तर रेषा आत घेतल्या आणि आपलीच पोरं बाहेर काढली. याहून मोठा गाढवपणा कोणी केला असेल तर सांगा.”

“सर, रागावू नका,” रंगारी म्हणाला, “पण ही सासऱ्याची माया बोलतेय. लेक दिलीय, मग माणूस दुसरं काय बोलणार? घरोघरी मातीच्या चुली. सासऱ्याची साक्ष आम्ही धरत नाही.”

माना हलल्या. आणि मग घड्याळवाला पुढे आला. त्याचा आवाज मुळात बारीक, पण आज इतक्या वर्षांचं साचलेलं बोलायची संधी आली होती.

“सर उगाच कमीपणा घेतायत,” तो म्हणाला. “मोठ्या मनाचा माणूस आहे, घेणारच. पण आपण न्यायाने बोलू या. यांचे हात बांधलेले होते. ज्याच्या जिवावर खेळायचं तो विंगरच अध्यक्षांनी विकून टाकला. त्यानंतर घर बंद करून बसण्यावाचून यांच्या हातात काय होतं? जावईबापूंचं कोणी काय विकलं? मागितले ते खेळाडू मिळाले. मागितला तो गोलकीपर मिळाला. सर, मला माफ करा, पण तुलनाच होत नाही. हे वाईट नव्हतेच. हे दुर्दैवी होते. वाईट कोण ते उद्या मैदानावर सगळ्यांनी दाखवून द्यावं, म्हणजे यांच्या कपाळावरचा डाग एकदाचा जाईल.”

पुन्हा माना हलल्या. न्हावीसुद्धा वस्तरा धरून विचारात पडला. कुलपाने एकेक चेहरा बघितला आणि त्याला कळलं की पटतंय. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तेच नेमकं आज घडत होतं. याच सलूनमध्ये, याच लोकांना, आपला दोष नव्हता हे पटत होतं. आणि जितकं पटत होतं तितका जावई खड्ड्यात जात होता. हात वर करून मोजायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

“मग हात वर करू या का?” न्हावी म्हणाला.

“विंगर अध्यक्षांनी नाही विकला,” कुलूप म्हणाला. “मी विकायला लावला.”

घड्याळवाला हसला. “काहीतरीच काय सर!”

“ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांसमोर तो मला म्हणाला, सर, तुम्ही घाबरता.” हे खरं होतं. पोरगा तसं म्हणाला होता आणि नंतर येऊन माफी मागून गेला होता. “मला ते लागलं. मी अध्यक्षांच्या बंगल्यावर गेलो आणि सांगितलं, हा राहील नाहीतर मी. अध्यक्ष नको म्हणत होते. मीच हटून बसलो.”

“थांबा, थांबा,” रंगारी खुर्चीत ताठ बसला. न्हाव्याने वस्तरा झटकन मागे घेतला म्हणून कान वाचला. “मी यांना बघितलंय! समोरच्या घराला रंग देत होतो मी तेव्हा. हे गेटवर उभे होते, कितीतरी वेळ. मी घरी जाऊन बायकोला म्हटलंसुद्धा, मॅनेजर अध्यक्षांकडे कशाला आला असेल?”

“त्याच्यासाठीच,” कुलूप म्हणाला.

एवढं पुरलं.  घड्याळवाल्याने इतकी वर्षं मेलेल्या अध्यक्षांना दोष दिला होता आणि हा माणूस खुशाल ऐकून घेत होता, हे सलूनला नवीन होतं. न्हाव्याने टॉवेल खांद्यावर टाकला.

“दगड कोण ते ठरलं मग,” तो म्हणाला. “उद्या कोणी पाठ फिरवायची नाही. पोरगा निदान कोणाचं वाईट करून हरत नाही. आणि सर, तुम्ही आता निघा. मला दुकान बंद करायचंय.” दुकान बंद व्हायची वेळ झाली नव्हती.

तो बाहेर आला. जीव टांगणीवरून खाली उतरल्यासारखा वाटत होता. सुटला पोरगा. घड्याळवाला त्याच्याआधीच बाहेर येऊन आपल्या सायकलपाशी उभा होता. कुलूप गाडीची किल्ली शोधत राहिला. ती हातातच होती.

“जावयासाठी खोटं बोललात ना?” घड्याळवाल्याने हळूच विचारलं. “नुसती मान हलवा सर. मी आत कोणाला सांगायचो नाही.”

मान हलवायला काय लागतं? त्या घटकेला कुलपाला जगात दुसरं काही नको होतं. पण या माणसाला तो ओळखून होता. कुलपाच्या बाजूचं काही कळलं आणि याने ते पोटात ठेवलं, असं कधी झालं नव्हतं. रात्र उलटायच्या आत अर्ध्या गावाला सांगून आला असता, आणि उद्या पुन्हा पाठी.

“खरंय ते,” कुलूप म्हणाला. “मीच विकायला लावला.”

घड्याळवाला सायकलच्या हँडलकडे बघत राहिला. रागावेल, शिव्या देईल असं कुलपाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

“माझ्या धाकट्या भावाचं आणि माझं बोलणं नाही,” तो म्हणाला. “तुमच्यावरूनच बिनसलं होतं. तो म्हणायचा, विंगर यानेच घालवला. मी म्हणायचो, अध्यक्षांनी.” त्याने सायकल स्टँडवरून काढली. “आता त्याला फोन करायला हवा.”

तो सायकलवर बसला नाही. हातात धरून चालत गेला. कुलूप गाडीत बसला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून गाडी सुरू न करता तसाच बसून राहिला. शिकाऊ माणसं पहिल्या दिवशी बसतात तशी.

घरी पोचतो तोच लेकीचा फोन वाजला. ती हसत होती की रडत होती ते आधी कळेना.

“बाबा, नाही करणार! पाठ नाही फिरवणार! न्हावीकाकांनी याला फोन करून सांगितलं. म्हणाले, उद्या बिनघोर ये. हा आत्ता जेवायला बसलाय, किती दिवसांनी धड जेवतोय. बाबा, झालं कसं पण हे? सगळे तर ठरवूनच बसले होते.”

“चर्चा झाली असेल,” तो म्हणाला. “नियम आहे ना.”

“घड्याळवाले काकाच भांडले असणार,” लेक म्हणाली. “दुसरं कोण? जन्मभर तुमच्यासाठी भांडले, आता याच्यासाठी भांडले. आपलं कोण लागतात हो ते? उद्या सामन्याआधी दुकानात जाऊन पाया पडणार आहे मी त्यांच्या. दोघंही जातो.”

“नको,” तो म्हणाला.

“का?”

“नको जाऊस.” आवाज चढला होता. त्याने तो खाली आणला. “सामन्याचा दिवस आहे. त्यांची गडबड असेल. नंतर बघू.”

“अहो, दोन मिनिटांचं तर काम. किती बरं वाटेल त्यांना!”

त्याला काहीतरी कारण सांगायचं होतं. चांगलं, पटेल असं. आत्ता तासाभरापूर्वी भरल्या सलूनला पटवून आला होता तो. पण लेक थांबली होती आणि तो फोन कानाला लावून दाराची कडी ओढून बघत होता.

“बाबा? ऐकताय ना?”